उसन्या उन्हाचा हिशेब

ज्या प्राण्याला स्वतःच्या देहाची ऊबदेखील घरच्या घरी निर्माण करता येत नाही, जो सकाळी ऊन वर येईपर्यंत दगडाखाली निपचित पडून राहतो आणि थंडीचा कडाका पडला की जगाच्या व्यवहारातून आपले नाव जवळजवळ कमी करून घेतो, त्या प्राण्याला सृष्टीच्या दरबारात दुय्यम दर्जाच मिळाला पाहिजे, असे रावसाहेबांचे फार जुने आणि ठाम मत आहे. रावसाहेबांची उभी हयात जिल्हा कोषागारात जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर सावंतवाडीस राहावयास आल्यावरही कोणत्याही वस्तूकडे पाहताना ती जमेच्या बाजूस टाकावी की खर्चाच्या, हा प्रश्न त्यांच्या मनात आपोआप उभा राहतो. त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारे प्राध्यापक प्राणिशास्त्र शिकवतात; पावसाळ्यात कॉलेजचे काम आटोपले की विजेरी घेऊन आंबोलीच्या सड्यांवर बेडकांचा माग काढीत हिंडावे, हा त्यांचा परिपाठ. एका छपराखाली राहणाऱ्या या दोन गृहस्थांत सर्प, सरडे आणि बेडूक यांच्या योग्यतेविषयी जो वाद अधूनमधून पेट घेतो, त्यातील एका सायंकाळचा भाग मी येथे उतरवून घेतला आहे. न्यायनिवाडा करावयास मला कोणी बसवलेले नाही. तरी जेथे एखाद्याचा मुद्दा लंगडा पडला असे वाटले, तेथे तसे म्हणण्याची मोकळीक मी घेतली आहे.

रावसाहेब : ही दिव्याजवळची पाल पाहा, प्रोफेसर. आज हवा उबदार आहे म्हणून किड्यांवर कशी झडप घालते आहे! पौषातल्या थंडीत हिलाच पाहावे, तर ती फळीमागे दडी मारून बसते आणि काठीने डिवचली तरी हलायला राजी होत नाही. आपले शरीर पाहा. बाहेर दहा अंश असोत की चाळीस, आत सदतीसच्या आगेमागे एक अंशाची तफावत नाही. ज्याच्या प्रत्येक हालचालीला बाहेरच्या हवेची मंजुरी लागते, त्याच्या कारभाराला मी कारभार म्हणत नाही.

प्राध्यापक : आपला कारभार स्वायत्त आहे खरा, रावसाहेब, पण त्याचा खर्च आपण कधी मांडून पाहिलात का? एक मुंगूस घ्या आणि तेवढ्याच वजनाचा एक साप घ्या. दोघांच्या शरीराचे तापमान सारखे असताना नुसते स्वस्थ बसून राहण्यासाठी प्रत्येकाला किती ऊर्जा लागते ते मोजा. सापाचा आकडा मुंगसाच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याच्या घरात भरतो. रात्री गारवा पडला की साप त्याहूनही खाली उतरतो, आणि मुंगसाला मात्र त्याच गारव्यात भट्टी अधिक पेटवावी लागते. आपण जे खातो त्यातला फार मोठा वाटा काही कमवण्यात नव्हे, तर केवळ ऊब टिकवण्यात जातो.

रावसाहेब : खर्च कमी, एवढ्यावरून मी कोणाला शहाणा म्हणत नाही. तिजोरीत असून जो हात आखडता घेतो तो काटकसरी. तिजोरीच रिकामी म्हणून ज्याचा खर्च होत नाही तो दरिद्री. तुमचा साप दुसऱ्या वर्गातला.

प्राध्यापक : पुष्कळ काळ शास्त्रज्ञांचीही समजूत अशीच होती, कारण ते सरड्याला प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात ठेवून तपासत होते, पिंजऱ्यातली हवा थंड केली की सरडा थंड, ऊन केली की ऊन, आणि निष्कर्ष असा की त्याच्या हाती काहीच नाही. १९४४ साली रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोकळा सरडा दिवसाचा बराच भाग आपले शरीर एका अरुंद तापमर्यादेत राखतो, असे त्यात दिसून आले. आपल्या कुंपणावरचा सरडाच पाहा ना. सकाळी तो अंगाचा पसारा उन्हाला आडवा लावून बसतो आणि त्या वेळी त्याचा रंगही काळपट असतो. अंग पुरेसे तापले की रंग उजळतो, ऊन चढले की तो उन्हाकडे तोंड करून अंगाचा कमीत कमी भाग पुढे करतो, आणि शेवटी सावलीला सरकतो. पेरूच्या पर्वतांत चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर राहणारा एक सरडा आहे. सकाळी हवा गोठणबिंदूच्या आसपास असताना तो दगडावर ऊन खात बसतो, आणि थोड्याच वेळात त्याचे शरीर तीस अंशांच्या पुढे जाते. हवा थंड, सरडा गरम! आपण ज्याला गुलामी म्हणता, ती उन्हाची चोख वसुली आहे.

रावसाहेब : आणि ज्या दिवशी ऊनच नसेल, त्या दिवशी वसुली कोणाकडून?

प्राध्यापक : त्या दिवशी खर्चालाच खीळ. उत्तर अमेरिकेच्या जंगलात एक बेडूक हिवाळाभर पाचोळ्याखाली अक्षरशः गोठून पडतो. शरीरातल्या पाण्याचा अर्ध्याहून अधिक भाग बर्फ होतो, श्वास थांबतो, हृदय थांबते. बर्फाचा पहिला स्पर्श होताच त्याचे यकृत आपल्या साठ्यातून रक्तात भरमसाट साखर सोडते, आणि त्या साखरेमुळे पेशींच्या आतले पाणी गोठत नाही. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. वसंतात तो वितळतो, हृदय पुन्हा चालू लागते, आणि थोड्याच दिवसांत स्वारी तळ्याकाठी ओरडायला हजर.

मला वाटते, या उदाहरणाने प्राध्यापकांची बाजू वाटते तितकी बळकट होत नाही. गोठलेल्या बेडकाचे सामर्थ्य अलौकिक असले, तरी जो प्राणी सुटकेसाठी मरणाच्या इतक्या जवळ जाऊन बसतो त्याला परिस्थितीचा स्वामी म्हणणे कठीण. रावसाहेबांनी मात्र तिकडे लक्ष न देता दुसरीकडूनच हल्ला चढवला.

रावसाहेब : बरे, तुमच्याच मुंगसाकडे येतो. साप आणि मुंगूस यांची झुंज आपण दोघांनीही पाहिली आहे. साप पहिल्यांदा विजेसारखा फणा मारतो, दुसऱ्यांदा मारतो, आणि मग? मग तो थकतो. मुंगूस थकत नाही. तुमच्या दहाव्या हिश्श्याच्या खर्चाची किंमत तेथे वसूल होते.

प्राध्यापक : हे मी बिनशर्त कबूल करतो. झटका मारण्यापुरते बळ सापाला, सरड्याला भरपूर असते, कारण ते प्राणवायूवाचूनही काही क्षण स्नायू चालवू शकतात. पण त्याची उधारी नंतर फेडावी लागते आणि फेड होईतो प्राणी हतबल पडतो. सरड्याला तर आणखी एक अडचण आहे. तो धावताना अंग डावीउजवीकडे वळवतो, आणि ज्या स्नायूंनी अंग वळवायचे त्याच स्नायूंनी छाती फुगवून श्वास घ्यायचा. त्यामुळे ऐन धावण्यात त्याला नीट श्वासच घेता येत नाही. दहा पावले पळाला की तो थांबून धापा टाकतो, हे आपण पाहिले असेलच. याला अपवाद घोरपडीचा. घोरपड चालताना तिचा गळा जवळून पाहा. तो फुगतो आणि आत बसतो, पुन्हा फुगतो, पुन्हा बसतो. गळ्याच्या त्या भात्याने ती फुप्फुसात हवा कोंबत असते, छातीचे स्नायू दुसऱ्या कामात गुंतले असले तरी.

रावसाहेब : म्हणूनच तानाजीने सिंहगडाच्या कड्यावर सरडा न पाठवता घोरपड पाठवली असावी!

प्राध्यापक : ती कथा इतिहासकारांनी पाहावी. मी एवढेच म्हणतो की दमाची उणीव ही या वर्गाची खरी उणीव आहे, आणि ती भरून काढण्याचे निरनिराळे उपाय त्याच वर्गात सापडतात. अजगराचे पाहा. तो महिनोन्महिने उपाशी राहतो, आणि त्या काळात आतडे, यकृत, हृदय हे अवयव आपली सारी शिबंदी कमी करून बसतात. एखादे मोठे भक्ष्य पोटात गेले की दोन दिवसांत आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, चयापचयाचा वेग चाळीसपटींच्या घरात पोहोचतो. ब्रह्मदेशी अजगरावरच्या एका तपासणीत तर हृदयाचा मुख्य कप्पा चाळीस टक्क्यांनी वाढलेला आढळला. अन्न पचले की सगळा जादा नोकरवर्ग पुन्हा बरखास्त. आपले आतडे मात्र जेवण असो वा नसो, पूर्ण पगारावर.

रावसाहेब : अजगराचे नाव तुम्हीच काढलेत ते बरे झाले. परवा मी तुमच्याच पुस्तकात वाचले, की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि अंगाचे स्नायू लयीत आखडून स्वतः उष्णता निर्माण करते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहात व्हॅलॉन्सिएन् नावाच्या शास्त्रज्ञाने १८४१ साली ती मोजली, आणि १९६६ साली न्यूयॉर्कला पुन्हा पडताळली गेली. मग मी विचारतो, उसन्या उन्हावर जगणे हाच जर शहाणपणाचा मार्ग, तर लेकरांची वेळ आली तेव्हा त्या मातेला तो का सोडावा लागला? आयुष्यभर ज्या खर्चाला ती नाही म्हणाली, तोच तिने अंड्यांसाठी केला; यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब कोणता हवा?

या प्रश्नावर प्राध्यापक थोडे थांबले. मुद्दा बिनतोड होता, आणि तो त्यांच्या शेल्फावरच्या पुस्तकातून काढलेला असल्यामुळे अधिकच लागणारा होता.

प्राध्यापक : कबुलीजबाब म्हणा, माझी हरकत नाही. पण तिने तो खर्च किती दिवस केला ते पाहा. सुमारे दोन महिने. त्यातही हवा थंड पडेल तेव्हाच. त्या अवधीत ती बहुधा काही खात नाही, तिचे वजन घटते, आणि अंडी फुटली की ती पुन्हा आपल्या जुन्या दराने जगू लागते. मुंगसाच्या मादीला असा पर्याय आहे काय? तिने जन्माला येतानाच कायमचा करार केला आहे. तो मोडला तर मृत्यू.

रावसाहेब : असो. उष्णतेच्या खात्यात तुम्ही बरोबरी साधलीत असे धरू. पण पाण्याचे काय? बेडूक तर पाण्याचा मिंधा.

प्राध्यापक : बेडकाकडे येतो, पण आधी पुन्हा या पालीकडे. भिंतीखाली तिची विष्ठा पडते, ती आपण कधी नीट पाहिलीत का?

रावसाहेब : रोज सकाळी मोलकरणीकडून पुसून घ्यावी लागते, पाहणार नाही तर काय!

प्राध्यापक : काळपट कणाच्या एका टोकाला पांढरा, खडूसारखा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पालीचे मूत्र.

येथे मला थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण प्राध्यापकांनी पुढे जे सांगितले ते ऐकल्यापासून मी त्या पांढऱ्या ठिपक्याकडे निराळ्याच आदराने पाहू लागलो आहे. प्रथिने पचवणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या देहात नत्राचा टाकाऊ भाग साचतो आणि तो बाहेर टाकणे भाग असते. सगळ्यांत स्वस्त मार्ग म्हणजे तो अमोनियाच्या रूपाने सोडून देणे. पण अमोनिया विषारी, त्यामुळे तो वाहून नेण्यास भरपूर पाणी हवे. मासे हे करतात, आणि बेडकाचे पिल्लू पाण्यात शेपटी हलवीत फिरते तोवर तेही हेच करते. पिल्लाला पाय फुटून ते जमिनीवर आले, की त्याचे यकृत बहुतेक अमोनियाचा युरिया करू लागते; तो कमी विषारी, म्हणून त्याला पाणी कमी लागते. पाल, सरडा, साप यांनी याच्याही पुढची मजल गाठली: ते नत्राचे युरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्यातले पाणी शेवटच्या टप्प्यावर पुन्हा शोषून घेऊन उरलेला पांढरा लगदा बाहेर टाकता येतो. हे आम्ल बनवण्यास ऊर्जा अधिक लागते हे खरे. परंतु कोरड्या रानात ऊर्जेपेक्षा पाणी महाग. याच रसायनामुळे कवचाचे अंडेही शक्य झाले असले पाहिजे, कारण मोहोरबंद अंड्यातला गर्भ आपला अमोनिया टाकणार कोठे? युरिक आम्लाचे कण मात्र अंड्यातल्या एका पिशवीत निरुपद्रवी साठून राहतात. बेडकाच्या अंड्याला कवच नाही, नुसते जेलीचे वेष्टन. म्हणून बेडूक पाण्याच्या आश्रयाला बांधला गेला आणि सर्प सुटला. बेडूक आणि साप यांना विद्यापीठांनी सोयीसाठी एकाच दफ्तरात बांधले आहे, पण देहाच्या अर्थशास्त्रात ही दोन वेगळी संस्थाने होत.

रावसाहेब : म्हणजे बेडूक मागे राहिला हे तुम्हीच मान्य करता.

प्राध्यापक : मागे राहिला नाही, निराळ्या वाटेने गेला. बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, हे आपणास ठाऊक आहे ना? उन्हात वाळलेला बेडूक ओल्या मातीवर ठेवा; तो मागचे पाय फाकवतो, पोट जमिनीला चिकटवतो आणि तसाच बसून राहतो. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या आतल्या त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, तेथून तो पाणी शोषतो. पाहता पाहता त्याचे सुरकुतलेले अंग भरून येते. जादा पाणी मूत्राशयात साठवतो, आणि अवर्षण आले की तेथूनच परत घेतो. तळ्यातल्या गोड्या पाण्यात अंगातले क्षार बाहेर झिरपतात, ते त्वचाच पुन्हा आत ओढते. कोपनहेगनच्या हान्स उस्सिंग यांनी १९५०च्या सुमारास बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन द्रावणांच्या मध्ये ताणून, कातडीतून सोडियम किती ओढले जाते ते विजेच्या मापाने मोजून दाखवले; सजीवांच्या पेशी क्षार कसे ढकलतात याचे पुष्कळसे ज्ञान त्या कातडीने दिले. आता आपल्या घाटावर या. पहिला पाऊस जोरात पडला की जमिनीत पुरून बसलेले बेडूक वर येतात, नर पिवळेधमक होतात, आणि आठवड्याच्या आत डबकी अंड्यांनी भरतात. काही जातींनी तर डबक्याचीही गरज काढून टाकली आहे: सह्याद्रीतल्या छोट्या झाडबेडकांच्या एका कुळात अंड्यातून पिल्लू येते ते थेट बेडूक होऊनच, पोहणाऱ्या अवस्थेची पायरीच गाळली जाते. दुसऱ्या एका कुळाची पिल्ले ओल्या कातळावर, पाण्याच्या पापुद्र्यातच वाढतात आणि चाहूल लागली की दगडावरून उड्या मारतात.

रावसाहेब : पण समुद्रात एकही बेडूक नाही. किनाऱ्याकाठी जन्म गेला, मी खाडीत बेडूक पाहिलेला नाही.

प्राध्यापक : नियम म्हणून खरे. खारे पाणी त्वचेतून अंगातले पाणी ओढून घेईल. तरी आग्नेय आशियाच्या खारफुटीत खेकडे खाणारा एक बेडूक आहे, आणि त्याचे गुपित १९६१ साली गॉर्डन, श्मिट-निल्सन आणि केली यांनी उलगडले. तो युरिया टाकून न देता रक्तात साठवतो. शरीर आतून इतके दाट करतो की बाहेरच्या खाऱ्या पाण्याला ओढून घेण्यासारखे काही उरत नाही. जो पदार्थ आपल्या रक्तात वाढला तर वैद्य घाबरतात, त्याचा त्याने किल्ला बांधला.

रावसाहेब : युक्ती नामी आहे, मानले. पण प्रोफेसर, जी त्वचा पाणी घेते, क्षार घेते, श्वासही थोडाफार घेते, ती बंद दार नव्हे, उघडी वेस आहे. वेशीतून फक्त मित्रच येतात असा नियम कोठे आहे?

प्राध्यापक : नाही, आणि तो मोडल्याची जबर शिक्षा बेडकांना झाली आहे. उभयचरांच्या त्वचेवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचे १९९९ साली नामकरण झाले. तिने जगभर काय केले याचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला: पाचशेंवर जातींची संख्या घटली, आणि नव्वद जाती नष्ट झाल्या असे मानले जाते. ती मारते कशी, हे २००९ साली कळले. ती फुप्फुसाला हात लावत नाही. त्वचेची सोडियम ओढण्याची शक्ती मारते, रक्तातले क्षार घसरतात, आणि हृदय बंद पडते. उस्सिंग यांनी जे यंत्र मोजले, तेच बिघडते.

यानंतर दोघेही काही वेळ गप्प होते. प्राध्यापकांचा आवाज या शेवटच्या वाक्यांत किंचित बदलला होता, कारण ज्या शरीरविशेषाची ते दहा मिनिटे वकिली करत होते त्याचाच हा पराभव होता, आणि तो त्यांनीच कागदपत्रांसह सादर केला होता.

रावसाहेब : माझे म्हणणे आता मी थोडे बदलून मांडतो. दरिद्री हा शब्द मी मागे घेतो. हे प्राणी कर्जदार आहेत. ऊन, ओल, ऋतू यांच्याकडून ते उचल घेतात, व्याज फार थोडे, आणि त्यावर कोट्यवधी वर्षे उत्तम चालले. पण अशा कर्जाची एक अट असते, की सावकाराने आपला दर अचानक बदलता कामा नये.

प्राध्यापक : कासवांच्या पूर्वजांनी बावीस कोटी वर्षे सावकाराचे दर बदलताना पाहिले आहेत.

रावसाहेब : सावकाश बदलताना. मी अचानक म्हटले. आणि कासवाचे नाव घेतलेत तर वेळासचे सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात, गावकरी ती कुंपणात राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. त्या अंड्यातून नर येणार की मादी, हे वाळूची उष्णता ठरवते असे तुम्हीच एकदा म्हणालात.

प्राध्यापक : होय. १९६६ साली मादलेन शार्निए यांनी सेनेगलमधल्या एका सरड्याच्या अंड्यांत हा प्रकार प्रथम नोंदवला. पुढे मगरी आणि अनेक कासवे यांतही तो आढळला. समुद्री कासवांत उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात वाळू सुमारे एकोणतीस अंशांच्या वर राहिली तर माद्या अधिक, खाली राहिली तर नर अधिक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील प्रवाळबेटांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की वयात आलेल्या कासवांत माद्या सुमारे सत्त्याऐंशी टक्के होत्या, आणि लहानांत नव्याण्णव.

रावसाहेब : या दोन आकड्यांच्या मध्ये किती वर्षे गेली?

प्राध्यापक : काही दशके. त्या जातीचे कासव वयात येण्यास वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. म्हणजे मोठी कासवे जुन्या वाळूची साक्ष देतात आणि लहान कासवे नव्या.

रावसाहेब : मग ताळेबंद उघड आहे.

प्राध्यापक : तितका उघड नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि मादी काही वर्षांच्या अंतराने किनाऱ्याला येते तर नर अधिक वेळा येऊ शकतो. तेव्हा नर थोडे असले म्हणून वंश लगेच बुडत नाही. शिवाय मादी लवकरच्या थंड महिन्यांत अंडी घालू शकते, निवाऱ्याचा किनारा शोधू शकते. हे फेरफार पिढ्यांच्या मापाने होतात एवढेच.

रावसाहेब : आणि वाळू वर्षांच्या मापाने तापते. तोवर तुमच्या राखणदारांनी करायचे काय?

प्राध्यापक : काही ठिकाणी घरट्यांच्या कुंपणावर झापांचे किंवा जाळीचे छप्पर घालतात. वाळू एखाद-दोन अंशांनी उतरते.

रावसाहेब : एखाद-दोन अंशांनी काय होणार?

प्राध्यापक : सगळ्या माद्या आणि सगळे नर यांमधला फरकच मुळी दोन-तीन अंशांचा आहे, रावसाहेब. मात्र छप्पर कोणत्या आठवड्यात घालायचे आणि कोणत्या आठवड्यात काढायचे, हे घरट्यात तापमापक ठेवून रोज लिहून ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही.

रावसाहेब : मग तसली वही मांडून द्यायला माणूस हवा असेल, तर फेब्रुवारीत मी मोकळा आहे.